मोटारीच्या ठिणगीची वेळ घरच्या घरीं कशी साधावी?

खारबाव व आसपासच्या गांवांतून भिवंडीस भाजीपाला, बियाणें व खतें यांची ने-आण करणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंपैकीं ज्यांच्या दारीं जुनी पेट्रोल मोटार अद्यापि उभी आहे, त्यांच्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों. कुर्ल्याच्या कारखान्यांतील प्रीमियर पद्मिनी गाडीचें उत्पादन बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईच्या टॅक्सींतूनहि ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. अशा गाड्यांचें मर्म जाणणारे कारागीरहि आतां विरळ होत आहेत. म्हणून मालकानें हें काम स्वतः शिकून घेणें हिताचें आहे.

गाडी चढावर ओढत नाहीं, पेट्रोल अधिक खाते, इंजिन तापतें, अशी तक्रार उद्भवली कीं कार्बोरेटरवर दोष ठेवून पैसा खर्च केला जातो. पुष्कळदां खरा दोष ठिणगीच्या वेळेंत असतो. वाफशाआधीं नांगर घातला तर ढेकळें निघतात व वाफसा गेल्यावर घातला तर जमीन दाद देत नाहीं. ठिणगीचेंहि तसेंच आहे. पेट्रोलची वाफ जळण्यास कांहीं काळ लागतो. मिनिटास १५०० फेरे घेणारें इंजिन सेकंदाच्या हजाराव्या भागांत ९ अंश फिरतें. यास्तव दट्ट्या माथ्यावर पोहोंचण्यापूर्वींच थोडी आधीं ठिणगी पडावी लागते. ती फार लवकर पडल्यास इंजिन ठोके देतें व दट्ट्यास इजा होते. उशिरा पडल्यास शक्ति घटते व उष्णता वाढते.

काम आरंभण्यापूर्वीं गाडी सपाट जागीं, गिअर काढून, हातब्रेक लावून उभी करावी. विडी दूर ठेवावी, सैल वस्त्र पंख्यापासून सांभाळावें आणि बंद खोलींत इंजिन कधींहि चालूं ठेवूं नये; त्याचा धूर प्राणघातक असतो.

प्रथम डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून पॉइंट पाहावे. दमट हवेंत त्यांवर मळ लवकर चढतो. ते साफ करून त्यांमधील फट गाडीच्या पुस्तिकेंत दिल्याइतकी ठेवावी. फट बदलली कीं वेळहि बदलते, म्हणून हें काम आधीं उरकावें.

नंतर सर्व प्लग काढून पहिल्या सिलिंडरच्या भोंकावर अंगठा धरावा व इंजिन चालण्याच्याच दिशेनें हातानें फिरवावें. अंगठ्यास दाब लागला म्हणजे दट्ट्या दाबाच्या फेरींत वर येत आहे असें समजावें. मग पुढील कप्पीवरील खूण पुस्तिकेंत सांगितलेल्या अंशाशीं जुळवावी. या वेळीं रोटरचें तोंड झांकणांतील पहिल्या तारेच्या जागेकडे असलें पाहिजे.

आतां १२ व्होल्टचा लहान दिवा घेऊन त्याची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोंकास व दुसरी इंजिनच्या लोखंडास लावावी. किल्ली फिरवून डिस्ट्रिब्यूटरची पकड सैल करावी. रोटर फिरतो त्या दिशेनें डिस्ट्रिब्यूटर हलवून दिवा विझवावा. मग उलट दिशेनें अगदीं हळू हलवावा. दिवा ज्या क्षणीं पेटेल, त्या क्षणीं पॉइंट उघडले, तीच ठिणगीची वेळ. तेथेंच पकड आवळावी. किल्ली फार वेळ चालूं ठेवूं नये, कॉइल तापते. शेवटीं इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून दिवा खुणेवरच पेटतो कीं नाहीं हें पडताळावें व मगच प्लग आणि झांकण बसवावें. वेगाप्रमाणें वेळ पुढें नेण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरमधील वजनें आपोआप करितात.

इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरांत गाडी चढावावर घालून पाहावी. सतत खणखण ऐकूं आल्यास डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेनें केंसभर हलवावा.

एक इशारा मात्र अवश्य द्यावयाचा. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते, आणि नव्या पेट्रोल गाड्यांत ही वेळ संगणक ठरवितो. तेथें हा प्रयोग करूं नये. जुन्या गाडीच्या मालकानें मात्र पावसाळा संपतांच एक सकाळ या कामास द्यावी, म्हणजे ऐन भातकापणींत गाडी वाटेंत अडून बसण्याचा एक मोठा संभव टळेल.