साठी, बुद्धी आणि काम

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण बुलढाणा जिल्ह्यांत इतर महाराष्ट्राप्रमाणेंच विनोदानें म्हटली जाते. परंतु वारंवार ऐकलेला विनोद हळूहळू मत बनतो, आणि त्या मताचा वयस्क कामकऱ्याच्या समाधानावर काय परिणाम होतो, याचा विचार क्वचितच होतो.

खामगांवच्या बाजारांत कापूस पारखणारा एखादा जुना माणूस घ्यावा. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांनीं ओढून तो धाग्याची लांबी व बळकटी सांगतो. ही पारख वर्षानुवर्षांच्या संवयीनें येते. अशा माणसाला मालकानें ‘आतां बसा, आजोबा’ म्हणून बाजूस सारलें, तर वेतन तेंच राहूनही कामांतली गोडी जाते. उलट, एखादा शिकाऊ मुलगा त्याच्या हाताखालीं दिला, तर तोच माणूस उत्साहानें काम करितो.

वयानें कांहींच उणें होत नाहीं, असें मात्र नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनीं १९८४ सालीं टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वृद्ध टंकलेखकांच्या बोटांची चपळाई कमी होती, तरी टंकलेखनाचा वेग तरुणांइतकाच होता; कारण ते पुढचीं अधिक अक्षरें आधींच पाहून ठेवीत.

याहून मोठा धोका स्वतःच्या मनांत असतो. बेक्का लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ओहायओ प्रांतांतील ५० वर्षें व त्यापुढील ६६० लोकांची माहिती तपासून २००२ सालीं दाखविलें कीं, स्वतःच्या वार्धक्याविषयीं अनुकूल समजूत बाळगणारे सरासरीनें साडेसात वर्षें अधिक जगले. स्वतःला निकामी समजणारा मनुष्य नवें शिकणें सोडतो. त्यामुळें मागें पडतो. आणि मग लोकांचें मत खरें ठरल्यासारखें दिसतें.

महाराष्ट्र शासनाचे बहुतेक नोकर ५८ व्या वर्षीं निवृत्त होतात, परंतु चतुर्थ श्रेणींतील सेवक ६० व्या वर्षीं. अंगमेहनत ज्यांना अधिक, तेच अधिक काळ राबतात! यावरून ही रेषा कारभाराच्या सोयीची आहे, हें उघड आहे. १९१६ सालीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां त्यांचें वय ५८ च होतें.

म्हणून वयस्काचें काम गरजेप्रमाणें बदलावें, पण त्याचा सल्ला विचारणें सोडूं नये. त्या विचारण्यांतच त्याचें निम्में समाधान असतें.