दुर्बीण जाते रात्रपाळीला

आपल्या घरोघरी रात्रपाळी करणारी माणसे आहेत. अटलांटिक महासागरातील स्पेनच्या ला पाल्मा बेटावर, डोंगरमाथ्यावरील वेधशाळेत, एक दुर्बीणही रात्रपाळी करते. पण तिच्यापाशी माणूस नसतो! हवामान बघणे, छप्पर उघडणे, कुठे वळायचे ते ठरवणे, सारे संगणकच करतो. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाची ही दोन मीटर आरशाची दुर्बीण २००४ पासून काम करते आहे.

आता त्याच ठिकाणी चार मीटरची स्वयंचलित दुर्बीण उभारण्याचे काम हाती घेतले आहे. आरसा दुप्पट रुंद झाला की प्रकाश चौपट जमा होतो. पण मोठी म्हणजे जड, आणि जड यंत्र चटकन वळत नाही. खरी अडचण इथेच आहे. म्हणून एकसंध आरशाऐवजी अठरा षटकोनी तुकडे जोडून आरसा करायचे ठरले. खबर आल्यापासून तीस सेकंदांत निरीक्षण सुरू व्हावे, असे उद्दिष्ट आहे.

एवढी घाई कशाला? आकाशातले काही स्फोट काही सेकंदांतच ओसरतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याचे गुरुत्वीय लहरींवरून कळले. त्या टकरीचा उजेड दुर्बिणींना सापडेपर्यंत जवळजवळ अकरा तास गेले. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत तयार होतात, याचा पुरावा त्या उजेडात मिळाला. (सोन्याचा भाव आपल्याला रोज कळतो, जन्म मात्र आत्ता कुठे कळू लागला आहे.) पहिले अकरा तास कसे होते, ते कोणत्याच दुर्बिणीने पाहिले नाही.

आम्हाला विशेष वाटले ते वेगळेच. या विद्यापीठाचे मूळ १८२३ साली लिव्हरपुलात कारागिरांसाठी निघालेल्या शाळेत आहे. आजही तिथल्या दुर्बिणीचा काही वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. मुले वर्गात बसून तिच्याकडून छायाचित्रे मागवतात.

आपल्याकडेही लडाखमध्ये हानले येथे सत्तर सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून आहे. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पवईची आयआयटी यांनी ती उभी केली. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांसाठी तिच्या वेळेतली थोडी मिनिटे मिळावीत, अशी मागणी शिक्षक-पालकांनी पवईला पत्र लिहून जरूर करावी. मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत.