कुत्रा फार लठ्ठ झाला तर

मंडळी, गाय आटली की आपण काळजीत पडतो. बैल लंगडला की गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. पण कुत्रा लठ्ठ झाला तर आपण काय करतो? हसतो. "काय बाळसं धरलंय बघा!" असे म्हणतो आणि भाकरीचा आणखी एक तुकडा त्याच्यापुढे टाकतो.

पण हे बाळसे नव्हे, बरं का! लठ्ठपणा हा कुत्र्याचा आजार आहे. तो ओळखावा कसा आणि उतरवावा कसा, ते या धड्यात पाहू.

कुत्रा लठ्ठ का होतो?

आपल्या किहीमला दोन तऱ्हेचे कुत्रे दिसतात. एक गावातले. ते पुळणीवर सुरूच्या सावलीत पडतात, दिवसभर हिंडतात, मिळेल ते खातात. त्यांच्यात लठ्ठ कुत्रा क्वचितच. दुसरे वाड्यांतल्या बंगल्यांवरचे. त्यांचे मालक मुंबईला राहतात आणि शनिवार-रविवारी येतात. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाड्या घेऊन येणारी मोठी बोट सुरू झाली. त्यामुळे येणेजाणे आणखी सोपे झाले. पण बाकीचे पाच दिवस कुत्रा कोणाच्या हाती असतो? माळ्याच्या, राखणदाराच्या, स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या. म्हणजे तुमच्या-आमच्याच हाती.

आता मोजा, त्याला किती हात भरवतात. सकाळी माळीदादा आपल्या चहातली दोन बिस्किटे देतात. दुपारी बाई उरलेला भात घालतात. पोरे शाळेतून आली की त्यांच्या खाऊतला वाटा. संध्याकाळी ठरलेले जेवण तर आहेच. शनिवारी पाहुणे येतात, ते ताटातले मटण देतात. प्रत्येकाला वाटते, "मी काय, थोडंसंच दिलं." पण देणारे हात सहा आणि पोट एकच!

नुसत्या बिस्किटांचाच हिशेब पाहा. अन्नातली ताकद मोजण्याच्या मापाला उष्मांक म्हणतात. तीस-बत्तीस किलोच्या कुत्र्याला वजन उतरवायचे असेल, तेव्हा दिवसाला साधारण ९०० उष्मांक पुरतात. १०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत सुमारे ४५० उष्मांक असतात. म्हणजे तेवढी बिस्किटे खाल्ली की निम्म्या दिवसाचे जेवण झाले. आणि ती तर आपण मोजतसुद्धा नाही.

बंगल्यांवर लॅब्रेडोर जातीचे कुत्रे पुष्कळ. ते सारखे खायला मागतात. २०१६ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना असे आढळले की, सुमारे चारांतल्या एका लॅब्रेडोरमध्ये जन्मतःच एक दोष असतो. त्यामुळे त्याची खाण्याची ओढ मोठी असते. म्हणजे तो ढोंग करीत नाही. त्याला खावेसे वाटते हे खरे, पण त्याच्या शरीराला तेवढ्या अन्नाची गरज नसते.

लठ्ठपणाने काय बिघडते?

गुडघे आणि कंबर दुखू लागते. दम लागतो. मधुमेहही होऊ शकतो. आपल्या किनाऱ्यावर तर उकाड्याचे मोठे भय. माणसाला अंगभर घाम येतो आणि अंग थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पायांच्या तळव्यांना. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हा त्याचे अंग निवते. लठ्ठ कुत्र्याच्या अंगावर चरबीची जणू गोधडीच असते. वैशाखाच्या उन्हात असा कुत्रा धाप लागून कोसळतो, प्रसंगी दगावतोही.

आणखी एक गोष्ट ऐका. अमेरिकेत लॅब्रेडोरची ४८ पिल्ले जन्मभर पाहिली गेली. एकाच विणीतल्या दोन-दोन पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले. २००२ साली निकाल छापून आला. जास्त खाणारे कुत्रे साधारण ११ वर्षे जगले, कमी खाणारे साधारण १३ वर्षे. त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. मापात खाल्ले म्हणून जवळजवळ दोन वर्षे आयुष्य वाढले!

लठ्ठ की धडधाकट, कसे ओळखावे?

आपल्याच हातावर हे शिकता येते. डावा पंजा सरळ धरा आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्याची पाठ चाचपा. कातडीखाली हाडे सहज लागतात. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर ठीक आहे. आता मूठ वळा आणि बोटांच्या गाठी चाचपा. बरगड्या इतक्या वर आल्या असतील तर कुत्रा रोड आहे. आता तळहात उघडा आणि अंगठ्याखालचा मांसल भाग दाबा. बरगड्यांवर असा थर लागला, हाडे दाबून शोधावी लागली, तर कुत्रा लठ्ठ आहे.

मग कुत्र्याला उभा करून वरून पाहा. बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. पिंपासारखा सरळ दिसला, तर वजन जास्त आहे.

आधी डॉक्टरांना दाखवा

प्रत्येक मोठे पोट खाण्याचेच नसते. गळ्यातल्या एका ग्रंथीचे काम मंदावले तरी वजन चढते. हृदय किंवा यकृत बिघडले तर पोटात पाणी साठते. कुत्री गाभण असू शकते. नसबंदी केलेल्या कुत्र्याला पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरते. म्हणून आधी गुरांच्या दवाखान्यात दाखवा आणि वजन किती असावे ते डॉक्टरांना विचारून घ्या. मोठ्या कुत्र्याचे पोट एकाएकी फुगले आणि तो ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, असे झाले तर एक तासही थांबू नका. त्यात जीव जातो.

वजन उतरवावे कसे?

पहिले काम वजन करण्याचे. लहान कुत्रा असेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा. समजा, ९८ किलो भरले. मग एकटेच उभे राहा. ५८ भरले. ९८ वजा ५८, म्हणजे कुत्रा ४० किलोचा. पण एवढा जड कुत्रा उचलवत नसेल, तर धान्याच्या दुकानातला सपाट काटा बरा.

दुसरे काम एक आठवडा नुसते टिपण्याचे. कोण, केव्हा, काय देतो ते सगळे लिहा. बिस्किटही सोडू नका.

तिसरे काम एक वाटी आणि एक माणूस ठरवण्याचे. त्या माणसानेच त्या वाटीने मोजून सकाळ-संध्याकाळ जेवण घालावे. मधले सगळे घास बंद. उपाशी मात्र ठेवू नका, त्याने कुत्रा अशक्त होतो. दोन आठवड्यांत वजन हलले नाही, तर जेवण दहावा हिस्सा कमी करा.

भात थोडा कमी करून त्यात उकडलेला दुधी किंवा गाजर घाला. पोट भरते, चरबी वाढत नाही. खोबरे, तूप, तळलेले पदार्थ बंद. सुकट आणि खारवलेले बोंबील नकोत, त्यांत मीठ फार. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट तर कुत्र्याला विषासारखी. म्हणून कालवण घातलेला भात देऊ नका. शिजवलेली हाडेही देऊ नका, ती आतड्याला टोचतात.

चौथे काम फिरवण्याचे. पहाटे पुळणीवर दहा मिनिटे आणि सूर्य कलल्यावर दहा मिनिटे. दर आठवड्याला थोडी वाढ करा. वाळूवर हात ठेवून पाहा. आपल्याला चटका बसला, तर कुत्र्याच्या पायांनाही बसतो. धाप लागली की थांबा, पाणी पाजा.

घाई करू नका. ४० किलोच्या कुत्र्याचे वजन आठवड्याला ४०० ते ८०० ग्रॅम उतरले म्हणजे पुरे. ३२ किलोवर यायला चार-पाच महिने लागतील. दिवाळीला सुरुवात करा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, होळीला, कुत्रा हलका होईल.

तो तोंडाकडे बघत बसला, तर पोटात कालवते खरे. अशा वेळी त्याची मान खाजवा, चेंडू टाका. घास द्यावासाच वाटला, तर त्याच्या वाटीतलाच काढून द्या.

वहीची ताकद

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही मापात घालू. पण शेठ स्वतःच बिस्किटे देतात, त्यांना कसे सांगावे?" प्रश्न खरा आहे. पगार देणाऱ्याला "देऊ नका" म्हणायला जीभ रेटत नाही. उद्या कुत्रा आजारी पडला, तर "काय खायला घातलंस?" हा बोल मात्र आपल्यालाच लागतो.

म्हणून वही ठेवा. आपल्या याच किहीमला १९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसच्या दिवस पाहिली आणि पाहिले ते टिपून ठेवले. मादीने घरटे पसंत केले की नर तिचा संसार मांडून देतो आणि दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्या टिपणांतून जगाला नीट कळले. सुगरण तर सगळ्यांनीच पाहिली होती. त्यांनी रोज पाहिले आणि लिहिले, एवढाच फरक.

तुम्हीही तसेच करा. एका पानावर तीन रकाने आखा: तारीख, वजन, काय खाल्ले. काटा दर सोमवारी. शनिवारी मालक आले की वही त्यांच्या हाती द्या आणि सांगा, "साहेब, गेल्या सोमवारी इतकं होतं, पाहुणे येऊन गेले आणि इतकं झालं." तुम्हाला कोणाला दोष द्यावा लागणार नाही. आकडेच बोलतील. मालकाचेही कुत्र्यावर प्रेम असते. डोळ्यांसमोर आकडे आले की त्यांचाही हात आखडेल.

अक्षर वाकडे आले तरी चालेल, आकडा मात्र खरा हवा. येत्या सोमवारी कुत्र्याला काट्यावर घ्या आणि पहिली ओळ लिहा.