बंधारा जिथे संपतो

"बंधारा झाला ना, आता समुद्राची भीती नाही." किनाऱ्यावरच्या गावांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली ते कानावर पडलं की मी उठून बंधाऱ्याचं टोक बघायला जातो. मधला भाग सगळेच हौसेने दाखवतात, उद्घाटनाचे फोटोही तिथलेच असतात. टोकाशी किनारा आत खाल्लेला दिसतो, माडांची मुळं उघडी पडलेली असतात. त्या टोकापलीकडचं गाव बहुधा दुसऱ्या ग्रामपंचायतीचं असतं, त्यामुळे बंधाऱ्याच्या ठरावात त्याचं नावही नसतं.

हवामानबदलाला किनाऱ्यावरच्या माणसांनी तोंड कसं द्यायचं, या विषयातला हा सगळ्यात महागडा गैरसमज आहे. आपल्या गावापुढे भिंत घातली की आपलं गाव वाचलं, बाकीच्यांनी आपापलं बघावं.

भिंत लाटेला अडवते, हे खरंच आहे. प्रश्न असा की अडवलेल्या लाटेची ताकद जाते कुठे? पुळणीवर आलेली लाट पसरते, वाळूत मुरते, दमते. दगडावर आपटलेली लाट तेवढी दमत नाही. ती मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पावसाळ्यात पुळण कापली जाणं आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की वाळू हळूहळू परत येणं, हा आपल्याकडचा जुना क्रम. मागच्या वाळूच्या टेकाडांतून पुळणीला मिळणारी भर भिंतीने तुटते, समोरचा तळ खोल होतो आणि परत येणाऱ्या वाळूला टेकायला जागा उरत नाही. मग रापणीची जाळी ओढायची कुठे? होड्या वर घ्यायच्या कुठे? ज्या मच्छीमारांच्या नावाने निधी मंजूर झाला, त्यांचंच अंगण त्या निधीखाली जातं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी समुद्राची बाजू घेतोय.

दुसरी गोष्ट, वाळू एका गावात वस्तीला नसते. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळूला काठाकाठाने पुढे सरकवत नेतात. सुपारीच्या बागेतला पाट डोळ्यांपुढे आणा. वरच्या अंगाला कोणी पाट अडवला की खालची आळी कोरडी पडतात. वाळूचा पाट डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. आणि त्याच्या वाटेवर तालुके, राज्यं, कधीकधी देशही बदलतात.

राज्य बदलतं तेव्हा काय होतं, ते पुद्दुचेरीत बघायला मिळतं. तिथे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदरासाठी समुद्रात लाटरोधक भिंती घातल्या. त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात वाळू काही महिने दक्षिणेला जाते खरी, पण वर्षाचा हिशेब मांडला तर ती उत्तरेकडे सरकते. भिंतींमुळे ती दक्षिणेला साचली आणि उत्तरेला असलेली शहराची पुळण उपाशी राहिली. अडलेली वाळू उचलून पलीकडे टाकायची सोय मूळ आराखड्यातच होती, ती नीट चाललीच नाही. काही वर्षांत शहराचा प्रसिद्ध किनारा नाहीसा झाला आणि तिथे दगड रचले गेले. मग दगडांच्या पुढच्या गावाची पाळी आली. त्यांनीही दगड मागितले, त्यांच्या पुढच्यांनीही. आणि ही पुढची गावं तमिळनाडूत. केंद्रशासित प्रदेशाने बांधलेल्या बंदराचं बिल शेजारच्या राज्यातल्या कोळ्यांनी भरलं. पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा कृत्रिम खडक बसवला आणि शहरासमोर वाळू परत आली. म्हणजे इलाज नाही असं नाही. पण शहराची पुळण परतली म्हणून उत्तरेकडच्या गावांची फिर्याद मिटत नाही.

"ते मोठं बंदर होतं, आमचा बंधारा छोटा आहे," हे उत्तर मला पाठ आहे. मग केरळातलं चेल्लानम घ्या. दर पावसाळ्यात समुद्र घरात शिरायचा, अशी या गावाची ख्याती. तिथे काही वर्षांपूर्वी सुमारे सात किलोमीटर टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांची भिंत झाली. भिंतीमागची घरं बऱ्यापैकी कोरडी राहिली, हे मान्य करायला हवं. पण भिंत संपते तिथून उत्तरेकडच्या वस्त्यांत समुद्र अधिक जोराने शिरू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि तिथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी काय? आमच्यापुढेही भिंत घाला.

हा दगडांचा खो-खो थांबवायचा तर वाळू ज्या पट्ट्यात फिरते, तो अख्खा पट्टा एक मानून नियोजन करावं लागतं. हे स्वप्नरंजन आहे असं वाटणाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेकडे बघावं. घानाने १९६५ साली व्होल्टा नदीवर अकोसोंबो धरण पुरं केलं आणि नदीची वाळू समुद्रात यायची कमी झाली. शेजारच्या टोगोने त्याच दशकात लोमे बंदर बांधलं आणि पूर्वेकडे सरकणारी वाळू तिथेही अडली. त्याच्या पूर्वेला बेनिन, म्हणजे वाळूची तूट पुढे त्याच्या वाट्याला. तिन्ही देश गरीब, तिघांचंही चुकलं असं म्हणावं तर प्रत्येकाला वीज किंवा बंदर हवंच होतं. २०१८ साली जागतिक बँकेच्या मदतीने तिथे सहा देशांचा किनारा-कार्यक्रम सुरू झाला. टोगो आणि बेनिन यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या किनाऱ्याचं काम एकत्र आखलं, कारण एकट्याने केलेलं काम दुसऱ्याला बुडवतं हे त्यांनी अर्धं शतक भोगलं होतं.

आता कोकण. इथे डोंगरांची टोकं समुद्रात घुसलेली आहेत, त्यामुळे वाळू बरीचशी आपापल्या कोंदणात फिरते. पूर्व किनाऱ्यासारखी ती लांबवर वाहत जात नाही. म्हणून पुद्दुचेरीचा धडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण एका कोंदणात दोन-तीन गावं असतातच, आणि तेवढ्यांचं तरी एकमत लागतं. चेन्नईच्याच राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या किनाऱ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग धुपतो आहे, महाराष्ट्राचा सुमारे चौथा हिस्सा. उरलेला बराचसा स्थिर आहे, काही ठिकाणी तर किनारा वाढतोही आहे. तरीही बंधाऱ्याची मागणी सगळीकडून येते.

गंमत म्हणजे एकत्र राखण करण्याची रीत आपल्याला नवी नाही. रायगडच्या खारेपाटात बाहेरच्या बांधाला एक खांड गेली की उधाणाचं पाणी सगळ्यांच्या भातशेतीत शिरतं आणि जमीन खारी होते. म्हणून शेतकरी मिळून बांध आणि उघाड्या, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, राखत. तिथे शेजाऱ्याचं नुकसान ते आपलं नुकसान, हे कोणाला शिकवावं लागलं नाही. समुद्राच्या बंधाऱ्यात शेजाऱ्याचं नुकसान आपल्याला दिसत नाही, सगळी मेख तिथेच आहे.

बाकीचे गैरसमज पटापट उरकू.

"समुद्र वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो, त्यात काय?" १९०१ ते २०१८ या काळात जगभरची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि हा वेग आता वाढतो आहे, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा सहावा अहवाल सांगतो. ही वाढ वादळाच्या आणि उधाणाच्या पाण्यावर चढून येते, म्हणून पूर्वी बांधाखाली राहणारं पाणी आता बांधावरून जातं.

"अरबी समुद्रात वादळं होत नाहीत." २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते विसरलात का? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली.

"कांदळवन लावलं की झालं." कांदळ खाडीच्या चिखलात उत्तम काम करतं. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर ते रुजतच नाही.

"शेजारी देशांचं सहकार्य म्हणजे परिषदा आणि चहापाणी." उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांचे इशारे दिल्लीच्या हवामान केंद्रातून भारतासह १३ देशांना जातात, त्यांत पाकिस्तान, बांगलादेश, इराण, येमेन आले. वादळांची नावंही हेच देश सुचवतात. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपवणाऱ्या 'निसर्ग'चं नाव बांगलादेशाने दिलं होतं, 'तौक्ते'चं म्यानमारने. इशारे आणि स्थलांतर यांचा परिणाम बघायचा तर ओडिशा बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१९ च्या फनीच्या वेळी दहा लाखांहून अधिक लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वाऱ्याच्या बाबतीत जे देश एकमेकांशी बोलतात, त्यांच्यातली दोन शेजारी गावं वाळूच्या बाबतीत का बोलत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या ग्रामसभेत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा ठराव येईल तेव्हा हात वर करण्याआधी नकाशा मागा. फक्त तुमच्या गावाचा नको, दोन्ही बाजूंच्या गावांचाही हवा. आणि बंधारा जिथे संपतो तिथे कोणाचं घर आहे, ते नाव इतिवृत्तात लिहून घ्या.