कुडी आपली, प्राण परक्याचा!

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सूरत' ही विनाशिका नौदलात दाखल झाली आणि 'विशाखापट्टणम' वर्गातील चार क्षेपणास्त्रवाही नौकांची मालिका पुरी झाली. 'विशाखापट्टणम', 'मोरमुगाओ', 'इंफाळ' आणि 'सूरत' या चारही नौका माझगाव गोदीत बांधल्या गेल्या, याचा मुंबईकरांस अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. त्या अभिमानात आम्हीही सहभागी आहोत. परंतु जयघोष विरल्यावर हिशेब मांडणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य होय.

जमेची बाजू भरभक्कम आहे. १९७२ साली याच गोदीने 'निलगिरी' दिली, तेव्हा तिचा आराखडा ब्रिटिशांचा होता. आज १६३ मीटर लांबीच्या व सुमारे ७,४०० टनांच्या या विनाशिकेचा आराखडा नौदलाने स्वतः आखला आहे. शत्रूच्या रडारच्या लहरी सरळ परतू नयेत म्हणून तिच्या भिंती कललेल्या ठेविल्या आहेत. तिचे पोलादही देशीच आहे.

नौदलात युद्धनौकेची तीन अंगे मानतात : तरंगणे, चालणे आणि लढणे. पहिल्या विषयात आपण उत्तम रीतीने उत्तीर्ण झालो आहोत. तिसऱ्यात, रशियाच्या भागीदारीतील 'ब्राह्मोस' आणि इस्रायलच्या सहकार्याने सिद्ध झालेले 'बराक' यांमुळे प्रगती समाधानकारक आहे. दुसऱ्या विषयाचे काय? या नौकांना ताशी ३० सागरी मैलांचा वेग देणारी टर्बाइने युक्रेनमधील मिकोलाइव्ह येथे घडली आहेत!

१९८७ साली बांधणीस आरंभ झालेली 'दिल्ली' नौदलात यावयास १९९७ साल उजाडले. सोव्हिएत संघ कोसळला आणि तिकडून येणारी सामग्री रखडली, हे त्याचे एक मोठे कारण. २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि मिकोलाइव्ह शहरच माऱ्याखाली आले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. येथे पुढचेही आपणच आणि मागचेही आपणच. तरीही शहाणपण दूरच राहिले.

प्रखर उष्णतेत न वितळता अखंड फिरणारी पाती घोषणांनी घडत नाहीत. त्यासाठी धातुशास्त्राची दीर्घ तपश्चर्या हवी, फसलेले प्रयोग सोसण्याची तयारी हवी आणि त्यावरील खर्चाकडे उधळपट्टी म्हणून न पाहणारे सरकार हवे. आराखडा स्वतः आखण्याचे धैर्य एका पिढीने दाखविले. यंत्र स्वतः घडविण्याचे धैर्य आताच्या पिढीने दाखवावे. एरवी प्रत्येक नव्या नौकेच्या जलावतरणाच्या दिवशी परक्या देशातील शांततेसाठी प्रार्थना करण्याची पाळी आपल्यावर येईल.