दिवसाची सति आणि रात्रीचे स्वप्न

वर्षावासाच्या तीन महिन्यांत वऱ्हाडातील अनेक विहारांतून संध्याकाळी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असते. वाचन आटोपल्यावर उपासक-उपासिका शंका विचारतात, आणि त्या शंका नेहमी ग्रंथातीलच असतात असे नाही. अकोल्याकडील एका विहारात अशाच एका संध्याकाळी एका वयस्क उपासिकेने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखास निमित्त झाला. तिचा कर्ता मुलगा विहिरीत बुडून वारला होता. "रोज रातीले तेच सपन पडते, भंतेजी. धावाले जातो तं पायच उचलत नाही," असे ती म्हणाली. हे स्वप्न कशाची खूण आहे काय, आणि ते थांबविता येईल काय, असे तिला विचारावयाचे होते. नातेवाइकांनी तिला एका भगताकडेही नेऊन आणले होते. त्यात पैसे गेले, स्वप्न राहिले.

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर फारसे अवघड नाही. आपल्याकडे स्वप्न म्हटले की महामायेचे स्वप्न डोळ्यांपुढे येते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ते भिंतीवर रंगविलेले आहे. त्यामुळे स्वप्न म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टीचा संकेत, ही समजूत धम्माचे नाव घेऊनही टिकून राहते. परंतु पालि परंपरा याविषयी बरीच सावध आहे. मिलिन्दपञ्हात नागसेन स्थविरांनी स्वप्नाची सहा कारणे सांगितली आहेत : वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, सवयीने मनात रुळलेली गोष्ट आणि पूर्वनिमित्त. यांपैकी केवळ शेवटचे स्वप्न खरे, बाकीची सर्व खोटी, असाही निर्वाळा त्यांनी दिला आहे. अट्ठकथाकारांनी हीच कारणे चारांत आणून बसविली आणि त्यांत पूर्वी अनुभवलेल्या गोष्टीला स्वतंत्र स्थान दिले. देवतेचे कारण आजच्या वाचकाने बाजूस ठेवले तरी काही बिघडत नाही. त्या उपासिकेचे स्वप्न अनुभवातून आलेले होते. त्यात भविष्य नव्हते, दुःख होते. नागसेनांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. स्वप्न गाढ झोपेत पडत नाही व जागेपणीही पडत नाही. ते माकडाच्या डुलकीसारख्या मधल्या अवस्थेत पडते. हे सांगणाऱ्याने झाडावर पेंगणारे माकड बराच वेळ न्याहाळले असावे.

दुसरा भाग मात्र विचार करावयास लावणारा आहे. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे ओळखता येते काय? असा अनुभव आयुष्यात एकदा तरी आलेली माणसे दुर्मीळ नाहीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वीच्या अनेक पाहण्या एकत्र करून, हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक म्हणजे ५५ टक्के काढलेले आहे. डच लेखक व वैद्य फ्रेडरिक व्हान एडन याने १९१३ साली अशा स्वप्नास इंग्रजीत जे नाव दिले, त्यास आपण 'सजग स्वप्न' म्हणू. पुढे १९५३ मध्ये झोपेतील जलद नेत्रचलनाचा शोध लागला. अशा झोपेत हातापायांचे स्नायू शिथिल पडलेले असतात, परंतु डोळे हलू शकतात. याचा उपयोग करून इंग्लंडातील हल विद्यापीठात १९७५ साली कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली या स्वप्न पाहणाऱ्या गृहस्थाकडून, आधी ठरविल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरविण्याची खूण झोपेतूनच मिळविली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी असेच प्रयोग स्वतंत्रपणे केले व १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. २०२१ साली तर चार देशांतील प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसास साधी वजाबाकी विचारून नेत्रसंकेताने उत्तर मिळविल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा ही केवळ कल्पना नव्हे, एवढे मान्य करण्यास हरकत नाही.

हे शिकण्याचे उपाय पाहू लागलो की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. जवळजवळ सर्व उपाय दिवसाचे आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांची रीत अशी की दिवसातून अनेकदा स्वतःस विचारावे, 'मी आता जागा आहे की स्वप्नात?' दिवसा लागलेली ही सवय रात्री स्वप्नात उतरते, असा त्यामागील विचार. लाबर्ज यांची रीत आठवणीवर उभी आहे. झोपण्यापूर्वी मनाशी निश्चय करावयाचा की 'पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे याची मला आठवण होईल.' बाजारातून येताना मीठ आणावयाचे आहे ही गोष्ट दुकानासमोर येताच आठवावी, तशीच ही आठवण. ती पूर्वी घडलेल्या गोष्टीची नसून पुढे करावयाच्या गोष्टीची आहे.

येथे पालितील 'सति' या शब्दाकडे वळले पाहिजे. आपण त्याचे भाषांतर 'जागरूकता', 'सजगता' असे करतो आणि ते चूकही नाही. तथापि हा शब्द संस्कृतातील 'स्मृति' याचेच पालि रूप असून त्याचा मूळ अर्थ आठवण असाच आहे. श्वासावर लक्ष ठेवावयाचे ठरवून बसलेला साधक दोन मिनिटांत कापसाच्या भावात गुंततो आणि मग एकाएकी त्यास स्मरते की आपण श्वास पाहावयास बसलो होतो. हे स्मरण म्हणजे सति. गुंतलेले मन स्वतःहून सुटून आपल्या संकल्पाकडे परत येते, तो क्षण. स्वप्नात नेमके हेच घडावयास हवे असते. स्वप्नात आपण मूर्ख झालेलो नसतो. आपण विसरलेलो असतो. मेलेला माणूस समोर बसून भाकर खातो आणि आपल्याला नवल वाटत नाही, कारण तो गेला आहे हे आठवत नाही. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की स्वप्न ओळखण्याची शक्ती झोपेत नव्याने मिळवावयाची नसते. दिवसभरात शंभर वेळा हरवून शंभर वेळा परत आलेले मनच रात्री एखाद्या वेळी परत येते.

महासतिपट्ठान सुत्तातील संपजञ्ञाचा भाग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. जाताना-येताना, हात आखडताना-पसरताना, खाता-पिताना, बोलताना व गप्प राहताना साधकाने जाणून वागावे असे तेथे सांगितले आहे, आणि त्याच यादीत झोपणे व जागे होणे हेही आहे. त्याहून महत्त्वाचा उपदेश जागरियानुयोगाचा. रात्रीच्या पहिल्या प्रहरी चंक्रमण व बैठक. मधल्या प्रहरी उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून सिंहशय्या. आणि झोपताना सति व संपजञ्ञासह मनात 'उट्ठानसञ्ञा', म्हणजे अमुक वेळी उठावयाचे आहे हे भान. घड्याळ नसलेल्या काळातील ही रीत आपल्या आजीस ठाऊक होती. पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याहून निघावयाचे असले की ती गजराविना उठत असे. झोपताना मनात पेरलेला संकल्प झोपेतून टिकतो, एवढे या एका शब्दात आलेले आहे. लाबर्ज यांची रीत याहून फार निराळी नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यासाविषयी. 'मी स्वप्नात आहे काय?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा नुसता पुटपुटल्याने काही होत नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्हम ॲस्पी यांच्या प्रयोगात केवळ असा पडताळा करणाऱ्यांना आठवड्याभरात विशेष लाभ झाला नाही. पडताळा, पाच तास झोपेनंतर उठणे व संकल्प हे तिन्ही एकत्र करणाऱ्यांना सुमारे १७ टक्के यश आले. प्रश्न विचारताना उत्तर आधीच ठरलेले असेल, तर स्वप्नातही तेच उत्तर मिळते : 'छे, मी तर जागा आहे.' म्हणून खरोखर पाहावे. बसस्थानकावरील पाटी एकदा वाचावी, नजर हटवावी, पुन्हा वाचावी. स्वप्नात 'अकोला' हे अक्षर दुसऱ्यांदा बहुधा तेच राहत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी स्वतःचे तळहात निरखावेत, किंवा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा. स्वप्नात नाक मिटलेले असूनही पुष्कळदा श्वास चालू राहतो. मग मागे वळून आठवावे : मी येथे कसा आलो? अमरावतीच्या राजकमल चौकात उभा असलेला माणूस आपण घरून कोणत्या वाटेने आलो हे सांगू शकतो. स्वप्नातील माणसास वाट सांगता येत नाही. तो एकदम तेथे असतो.

पडताळ्यास निश्चित वेळ नको, निमित्त हवे. घराचा उंबरा ओलांडणे, पाण्याचा पेला तोंडाला लावणे, रेल्वेची शिटी ऐकू येणे अशी दोन-तीन निमित्ते पुरेत. सर्वांत उत्तम निमित्त म्हणजे नवल, भय अथवा संताप वाटणे, कारण स्वप्नात याच गोष्टी भरपूर असतात. दिवसा राग आला असता ज्याला क्षणभर थांबून 'हा राग आहे' असे पाहण्याची सवय लागली, त्याला रात्रीच्या भयात थांबण्याची शक्यता अधिक. चित्तानुपस्सना ती हीच. यासोबत उशाशी वही ठेवावी आणि जाग येताच अंग न हलविता स्वप्न आठवून मग लिहावे. जे स्वप्न आठवतच नाही त्यात भान आले होते की नाही हे कळणार तरी कसे?

रात्रीच्या बाबतीत मात्र सुत्त आणि प्रयोगशाळा यांची वाट फुटते, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. नेत्रचलनाची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात अधिक असते, म्हणून आधुनिक रीत पहाटे थोडे जागून पुन्हा झोपावयास सांगते. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली म्हणून ओलीत करून पहाटे घरी येऊन आडवा होणारा शेतकरी न शिकताच हे करीत असतो, आणि त्या झोपेत पडलेली स्वप्ने फार स्पष्ट असतात असे तो सांगतो. उलट तथागतांचा उपदेश शेवटच्या प्रहरी उठून बसण्याचा आहे. तेल्हाऱ्याच्या 'धम्म अनाकुल' या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसलेल्यांना पहाटे ४ ची घंटा ठाऊकच असेल. पालि परंपरेला स्वप्नात जागे होण्याचे आकर्षण नाही. सति ठेवून झोपणाऱ्यास सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते व वाईट स्वप्ने पडत नाहीत, असे लाभ विनयात सांगितले आहेत. मेत्तेच्या अकरा लाभांतही हे तीन आहेत. अर्हतास स्वप्नच पडत नाही, कारण त्याचा विपर्यास संपलेला असतो, असे अट्ठकथा म्हणते. स्वप्नास साधनेचे क्षेत्र मानले ते तिबेटी परंपरेने. नारोपांच्या सहा धर्मांत स्वप्नयोग येतो, आणि त्याचीही तयारी दिवसाच सुरू होते : जे दिसते ते स्वप्नवत् आहे असे पाहत राहणे. ही दृष्टी खोल आहे, परंतु गुरूवाचून ती घेऊ नये असे आम्हांस वाटते. अर्धवट घेतली तर माणूस शेजाऱ्याचे दुःखही स्वप्नवत् मानू लागतो.

सजग स्वप्नाचा उपयोग उडण्यासाठी, भोगासाठी करण्याची टूम पाश्चात्त्य देशांत आहे. तिच्याबद्दल विनयातील एक सूक्ष्म विचार ध्यानात घ्यावा. स्वप्नात घडलेल्या गोष्टीबद्दल भिक्खूस आपत्ती नाही. कारण तेथे चेतना असली तरी ती हिशेबात धरण्याजोगी नसते. ज्याने स्वप्नात भान मिळविले, त्याची चेतना मात्र हिशेबात येण्याइतकी जागी झाली असे म्हणावे लागेल. स्वप्नातील स्वातंत्र्य मागणाऱ्याने ही सवलत गमावली आहे हेही समजून घ्यावे.

आणि काही माणसांनी या वाटेस जाऊच नये. ज्यांना आधीच खरे-भास यांतील सीमा धूसर होण्याचा आजार आहे, जे मानसोपचार घेत आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा अभ्यास करू नये. झोप मोडून तो करणे निरोगी माणसासही चांगले नाही. दिवसभर निंदण-वेचणीचे काम करणाऱ्या बाईला पहाटे मुद्दाम उठविणे ही तर क्रूरताच. घाईही नको. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांना सजग स्वप्ने अधिक पडत असल्याचे आढळले. परंतु आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग केलेल्यांत तशी वाढ दिसली नाही.

त्या उपासिकेस यांतील काहीच सांगितले गेले नाही. भंतेजींनी तिला प्रथम एवढेच सांगितले की हे स्वप्न कोणाचा शाप नाही व मुलाचा निरोपही नाही. मग रोज विहाराच्या अंगणात बोधिवृक्षाभोवती अनवाणी, सावकाश चालावयास सांगितले. टाच टेकली, तळवा टेकला, बोटे टेकली, एवढेच पाहत. झोपताना उजव्या कुशीवर होऊन मेत्ता करावी, प्रथम स्वतःसाठी, मग मुलाच्या मागे राहिलेल्या सुनेसाठी व नातवंडांसाठी. स्वप्नाविषयी काही करावयाचे नव्हते. तिने पावलांचा अभ्यास मन लावून केला, कदाचित दुसरे काही सुचत नव्हते म्हणूनही असेल.

कठिन चीवरदानाच्या सुमारास ती पुन्हा भेटली. स्वप्न थांबले नव्हते, परंतु रोज पडत नव्हते. एका रात्री पाय उचलेनासे झाले तेव्हा सवयीने तिचे लक्ष तळव्यांकडे गेले, आणि तळव्यांखाली जमीनच नव्हती. "मंग मले समजलं का हे सपन हाय," ती म्हणाली. पुढे काय केले असे विचारता, ती धावली नाही, विहिरीच्या काठाशी जाऊन बसली आणि जाग येईपर्यंत बसून राहिली, असे तिने सांगितले. मुलगा दिसला काय, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. सकाळी ती नातवाला शाळेत सोडून विहारात झाडलोट करावयास आली होती, आणि बोलणे संपताच तिने खराटा उचलला.