भूमीखालील शेजारी

गेल्या श्रावणांतली गोष्ट. नागपंचमीस चार दिवस राहिले असतां आमच्या घरामागील परसांत एक लांबलचक जनावर निघालें. आळींतील दोघे तिघे तरुण काठ्या घेऊन धांवले आणि पाहतां पाहतां त्यांनीं त्याचा शेवट केला. मागाहून एका जाणत्या गृहस्थानें येऊन सांगितलें कीं, ती धामण होती. तिला विष नसतें, आणि उंदीर खाऊन ती आपणांवर उपकारच करीत असते. माझी सात वर्षांची नात हें सारें खिडकींतून पाहत होती. तिनें विचारलें, "आजोबा, त्यानें कोणाला कांहीं केलें होतें का?" मी म्हटलें, "नाहीं." "मग मारलें कां?" ह्या प्रश्नाचें उत्तर मला देतां आलें नाहीं. चारच दिवसांनीं त्याच घरांत पाटावर गंधानें नाग काढून आम्हीं त्याची पूजा केली, दूधलाह्यांचा नैवेद्य दाखविला, आणि नेमाप्रमाणें त्या दिवशीं कोणीं जमीन खणली नाहीं, विळीवर कांहीं चिरलें नाहीं, कीं तवा चढविला नाहीं.

ह्या नेमांचें मूळ उघड आहे. जमिनीखालीं कोणी तरी नांदत आहे, त्याच्या घरास धक्का लागूं नये, हा त्यांतील भाव. हे भूमीखालचे शेजारी कोण, त्यांचें जग कसें, त्यांचे आचार कोणते, ह्याचा आमच्या पूर्वजांनीं मोठ्या बारकाईनें विचार केलेला आहे. सर्पबिळांत घर नसतें, नगर नसतें, हें त्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. तरीही त्यांनीं तेथें एक सबंध समाज कल्पिला. तो कां कल्पिला असावा, हें त्या वर्णनांतूनच शोधूं लागलें असतां माझ्या नातीचा प्रश्न पुन्हा पुढें उभा राहतो, असा माझा अनुभव आहे.

प्रथम स्थान पाहूं. भागवताच्या पांचव्या स्कंधांत अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल व पाताल असे सात अधोलोक सांगितले आहेत. विष्णुपुराणांतील नांवांत थोडा फरक आहे. पण संख्या तीच. ह्या लोकांना भागवतकार 'बिलस्वर्ग' म्हणतात, म्हणजे बिळांतला स्वर्ग! सुतलांत बळीराजा राहतो; महातलांत कद्रूचे पुत्र तक्षक, कालिय इत्यादि अनेक फणांचे सर्प; आणि सर्वांत खालच्या पाताळांत वासुकिप्रमुख नागाधिपति. तेथें सूर्य नाहीं, म्हणून दिवस व रात्र हा भेद नाहीं. थोर नागांच्या मस्तकांवरील मण्यांनींच तेथील अंधार दूर होतो. विष्णुपुराणाचें म्हणणें किंचित् निराळें आहे. तेथें सूर्याचा प्रकाश पोंचतो, पण ऊन लागत नाहीं; चंद्र उजेड देतो, पण थंडी देत नाहीं. नारदमुनि पाताळ पाहून स्वर्गांत परत आले, तेव्हां स्वर्गापेक्षांही पाताळ रमणीय आहे असें त्यांनीं देवसभेंत सांगितलें, अशी कथा तेथें आहे. महाभारतांत उत्तंक जेव्हां तक्षकाच्या मागोमाग बिळांतून खालीं उतरला, तेव्हां त्यानें दोन स्त्रिया काळ्या व पांढऱ्या धाग्यांचें वस्त्र विणीत असलेल्या पाहिल्या, आणि सहा कुमार एक चक्र फिरवीत असलेले पाहिले. त्याच्या गुरूनें मागाहून उलगडा केला: धागे म्हणजे रात्री व दिवस, कुमार म्हणजे सहा ऋतु, चक्र म्हणजे संवत्सर. वरच्या जगाचा काळ खालीं विणला जातो, अशी ही विलक्षण कल्पना आहे.

आतां समाज. नागांच्या राजधानीचें नांव भोगवती, राजा वासुकि. त्यांचीं कुळें ठरलेलीं आहेत: वासुकीचें, तक्षकाचें, ऐरावताचें, कौरव्याचें, धृतराष्ट्र नांवाच्या नागाचें. हीं नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं; पुढें त्यांचें काम पडणार आहे. त्यांचीं लग्नें कुळ पाहूनच होत. इंद्राचा सारथि मातलि आपली मुलगी गुणकेशी हिच्यासाठीं वर शोधीत शोधीत नारदासह भोगवतीस गेला, ही उद्योगपर्वांतील कथा मुलींच्या पित्यांनीं अवश्य वाचावी. ऐरावतकुळांतील सुमुख नांवाचा तरुण त्याच्या मनास आला. मुलाचा आजोबा आर्यक ह्यानें काय करावें? इंद्राच्या सारथ्याशीं सोयरीक जुळत आहे म्हणून त्यानें व्यंग झांकलें नाहीं. गरुडानें सुमुखाच्या बापास खाल्लें आहे, आणि महिन्याभरांत ह्याही पोरास खाईन असें तो बजावून गेला आहे, हें त्यानें आधीं सांगून टाकलें. अशा मुलाच्या पदरीं तुमची कन्या कशी घालावी, हीच त्याची चिंता. पुढें इंद्रानें सुमुखास दीर्घायुष्य दिलें व विवाह झाला. वरपक्षाची इतकी सचोटी वरच्या जगांतही दुर्मिळच म्हणावयाची.

त्यांचा धर्मही आपल्याहून निराळा नाहीं. वनवासांत असतां अर्जुन गंगाद्वारीं स्नानास उतरला, तेव्हां कौरव्य नागाची कन्या उलूपी हिनें त्यास पाण्यांत ओढून नेलें. कौरव्याच्या मंदिरांत अर्जुनास काय दिसलें? उत्तम प्रकारें प्रज्वलित ठेविलेला अग्नि! त्याच अग्नींत त्यानें आपलें अग्निकार्य केलें. ज्या घरांत परक्याचा नित्यनेम चुकत नाहीं, तें घर परक्याचें कसें म्हणावें? आणि नातें तर त्याहूनही जुनें निघतें. दुर्योधनानें लहानग्या भीमास विष घालून गंगेंत लोटलें, तो नागलोकीं जाऊन पोंचला. सर्पांनीं त्यास दंश केले. पण त्या विषानें अन्नांतलें विष उतरलें. मग त्याच आर्यकानें त्यास ओळखून पोटाशीं धरलें, कारण भीम त्याच्या दौहित्राचा दौहित्र लागत होता. वासुकीच्या अनुज्ञेनें भीमानें बलदायक रसाचीं आठ कुंडें प्यालीं व आठव्या दिवशीं तो जागा झाला. म्हणजे भीमाचा प्राण आणि भीमाचें बळ, दोन्ही नागलोकींचीं. पुढें मणलूरच्या युद्धांत बभ्रुवाहनाच्या हातून अर्जुन पडला, तेव्हां नागांच्या संजीवन मण्यानें त्यास उठविलें तें उलूपीनेंच.

आमच्या शिल्पकारांनाही नाग असेच दिसले. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याबाहेर नागराज व त्याची राणी बसलेलीं आहेत. देह अगदीं मनुष्याचे, बैठक राजाची; केवळ मस्तकामागील फणांच्या छत्रावरून जात ओळखावी. नाग ही एखादी मानवी जमातच असावी असें कित्येक विद्वान् मानतात, आणि समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभलेखांत गणपतिनाग, नागसेन अशीं राजांचीं नांवें आढळतात हेंही खरें. तो वाद येथें नको. नाग मनुष्य असोत वा सर्प असोत, महाभारतकार त्यांना जो न्याय लावतात तो महत्त्वाचा.

हा न्याय आदिपर्वाच्या दारांतच आरंभ होतो. जनमेजयाचे तीन भाऊ यज्ञमंडपांत बसले असतां एक कुत्र्याचें पोर तेथें आलें. त्यानें हवि चाटला नव्हता, कीं त्याकडे पाहिलेंही नव्हतें. तरी त्यांनीं त्यास बडविलें. त्याची आई सरमा येऊन विचारूं लागली, कीं माझ्या मुलाचा अपराध काय? कोणीं उत्तर दिलें नाहीं. तिनें शाप दिला, कीं निरपराध्यास मारलेंत, म्हणून तुम्हांवर न दिसणारें भय येईल. त्यापुढें थोडक्याच अंतरावर रुरूची कथा येते. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशानें मेली होती. आपलें अर्धें आयुष्य देऊन त्यानें तिला उठविलें, पण दिसेल तो सर्प मारण्याचा नेम धरला. एके दिवशीं त्यानें एका डुंडुभावर, म्हणजे निर्विष सापावर, काठी उगारली. तो सर्प बोलूं लागला, कीं दंश करणारे सर्प निराळे, आम्ही निराळे. नाम सारखें म्हणून दंड सारखा कां? अहिंसा हा परम धर्म होय, हें वचन आपण ज्याच्या त्याच्या तोंडीं ऐकतों. आदिपर्वांत तें प्रथम ह्या बिनविषारी सापाच्या तोंडीं आलें आहे, हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें.

ह्या दोन लहान कथांनंतर मोठी कथा येते. खांडववन जळालें तेव्हां तक्षक घरीं नव्हता. पोरास वांचवूं पाहणारी त्याची बायको अर्जुनाच्या बाणानें मेली. त्याच अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला, शृंगीच्या शापाचें निमित्त होऊन तक्षकानें दंश केला. परीक्षिताच्या मुलानें, जनमेजयानें, उत्तंकाच्या चिथावणीवरून सर्पसत्र मांडलें. प्रत्येकाजवळ आपापलें कारण होतें, आणि प्रत्येकाचें कारण खरें होतें! पण अग्नि कारण विचारीत नाहीं. मंत्रांनीं ओढले जाऊन थोर, लहान, म्हातारे आणि पोरेंही कुंडांत पडूं लागलीं. दुष्ट सर्पांचाच नाश होईल, धर्मशील वांचतील, असें ब्रह्मदेवाचें आश्वासन होतें खरें. परंतु कोणत्या कुळांतील नाग जळाले ती यादी आदिपर्वांतच दिली आहे, ती वाचावी. तींत ऐरावताचें कुळ आहे, ज्यांतील आर्यकानें भीमास वांचविलें. तींत कौरव्याचें कुळ आहे, ज्यांतील उलूपीनें अर्जुनास उठविलें. जनमेजयाचा पणजा ज्या घरचा जांवई, त्याच घरचीं माणसें जनमेजयाच्या कुंडांत जळत होतीं. आणि ज्याच्यासाठीं सत्र मांडलें तो तक्षक? तो इंद्राचा आश्रय करून राहिला, आणि शेवटपर्यंत जळाला नाहीं. जातीला शिक्षा करूं जाणाऱ्याच्या हातीं बहुधा हेंच येतें: अपराधी सुटतो व उपकारकर्ते मरतात.

हें सत्र थांबविलें तें आस्तिकानें. त्याचा बाप जरत्कारु ऋषि, आई वासुकीची बहीण. दोन्ही लोकांचें रक्त त्याच्यांत होतें. वयानें तो अजून पोरच. राजानें प्रसन्न होऊन वर माग म्हटलें. सोनें, गाई देऊं केल्या. त्यानें एकच मागितलें: सत्र बंद करा, माझ्या आईच्या कुळाचें कल्याण असो. नाग कसे चांगले आहेत ह्यावर त्यानें वाद घातला नाहीं. ज्यांना तुम्ही सर्प म्हणून जाळतां तें माझें आजोळ आहे, एवढेंच त्याचें म्हणणें. आणि तें पुरे झालें.

आमच्या घरोघरीं सांगतात ती नागपंचमीची कहाणी ह्याच सांच्यांतली आहे. शेतकऱ्याच्या नांगरानें वारूळ मोडलें, नागिणीचीं पिलें मेलीं. तिनें संतापून त्याचें सारें घरदार डसून टाकलें, आणि राहिलेल्या लेकीला डसायला ती तिच्या सासरीं गेली. लेकीनें पाटावर नाग काढले होते, दूधलाह्या ठेविल्या होत्या, ती पूजेंत रमली होती. नागिणीचा राग तेथेंच उतरला. तिनें अमृत दिलें व माहेर जिवंत झालें. तेथें नागांचा भाचा, येथें माहेरची लेक. सूड थांबवितें तें दोन्ही घरांशीं जोडलेलें माणूस. शेषाची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहेच, पण तिचें कारण बहुधा ठाऊक नसतें. भावांचें वैर व दुष्टावा ह्यांस कंटाळून तो त्यांच्यांतून निघून तप करीत राहिला. त्यामुळें पृथ्वी धरण्याचें काम ब्रह्मदेवानें त्यास दिलें. जो भांडणांतून बाहेर पडला त्याच्याच डोक्यावर ही धरणी स्थिर आहे.

असो. आतां व्यवहाराचें दोन शब्द. आपल्याकडे माणसाच्या जिवास धोका मुख्यतः नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांपासून. इतर बहुतेक साप डुंडुभाचे भाऊबंद. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें साप मारण्यावर निर्बंध आहेत. साप निघाल्यास दूर राहून जाणकार सर्पमित्रास बोलवावें. दंश झाल्यास मंत्रतंत्रांत वेळ न घालवितां रोग्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. दूध हें सापाचें अन्न नव्हे. म्हणून कहाणींतल्या लेकीप्रमाणें पाटावरच्या नागासच नैवेद्य दाखवावा, टोपलींतल्या नागाचा छळ करूं नये.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशीं नातीला जवळ बसवून मीं तिला सरमेची गोष्ट सांगितली. तिचाच प्रश्न एका कुत्रीनें राजाच्या भावांना फार पूर्वीं विचारला होता, आणि त्यांनाही उत्तर देतां आलें नव्हतें, हें ऐकून ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आतां साप निघाला तर आधीं मला हांक मारा. मी त्या दादांना विचारीन." मीं होय म्हटलें आहे.